आठ स्पीकरांचं कपाट

कोथरूड, पुणे
४ नोव्हेंबर २०२४

श्री. करीम शेख यांस,

मी वासंती. रंगनाथ पार्टीच्या रंगनाथरावांची बायको. बत्तीस वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. जायचे ते आठ वर्षांपूर्वी गेले. तेव्हा तुमचं चार ओळींचं पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नव्हतं.

तुमच्या दुकानाचा नंबर मिळवून मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा सूनबाईंनी घेतला. "बाबा फोनवर येत नाहीत, लिहून पाठवा," असं त्या म्हणाल्या. तुम्हाला माझ्याशी बोलायचं नाही, हे कळण्याइतकी अक्कल मला आहे. म्हणून लिहिते, तेही कामापुरतं.

माझी नात अपूर्वा, आमच्या दीपमालाची मुलगी, इथे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझ्याकडे राहते. ती बेस गिटार वाजवते. तेच चार तारांचं जाड्या आवाजाचं, जे तुम्ही आमच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचात. पाच जणांचा बँड आहे. बँडचं नाव लिहीत नाही. ते नाव आहे की आजार, असा प्रश्न पडतो.

अडचण अशी. हिच्याकडे गुडघ्याएवढा एक अँप आहे. घरी सरावाला ठीक, पण कार्यक्रमात हिचा आवाज कुणालाच जात नाही. त्यांचा ड्रमर आनंद परवा सगळ्यांसमोर म्हणाला, "अपूर्वा, तू वाजवतेस की फक्त उभी असतेस?" ११ जानेवारीला सहाशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये त्यांचा मोठा कार्यक्रम आहे. तोपर्यंत हिचा आवाज सुधारला नाही, तर दुसरा वाजवणारा घेणार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. ही रडली नाही. माझ्यावर गेली आहे. पण दोन दिवस पोळी चिवडत बसली आणि गिटार कपाटावर ठेवून दिलं, ते मला बघवलं नाही.

तर कोणता अँप घ्यावा, किती वॉटचा, किती स्पीकरचा, ते लिहावं. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली आहे. वॉट म्हणजे काय, ते समजावत बसू नका.

जुनं काही उकरायचं नाही. १९९२ च्या गणपतीत जे झालं त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण बेसच्या आवाजाचं तुमच्याइतकं कळणारा माणूस मला पुण्यात दुसरा माहीत नाही, हेही खरं आहे.

वासंती


नाना पेठ, पुणे
१२ नोव्हेंबर २०२४

वासंतीवहिनी,

सलाम आणि नमस्कार. तुमचं अक्षर लिफाफ्यावरच ओळखलं. कार्यक्रमाच्या याद्या याच अक्षरात विंगेत चिकटवलेल्या असायच्या आणि त्यात खाडाखोड कधी नसायची.

फोनचं मनावर घेऊ नका. माझी ती सवय सुटली आहे. दुकान आता मुलगा नबील बघतो, मी मागे बसून जुने अँप खोलतो.

वॉट समजावत नाही, पण एक सांगतो, ते पुस्तकात नसतं. जाड्या आवाजाला ताकद जास्त लागते, म्हणून लोक मोठा अँप घेतात. आणि अर्ध्या वेळा दुखणं ताकदीचं नसतंच, जागेचं असतं. तुमच्या नातीचा अँप कुठे असतो? जमिनीवर असणार. ती त्याच्या पुढ्यात उभी असणार. आवाज तिच्या पोटऱ्यांना लागून पुढे जातो, कानापर्यंत येतच नाही. मग ती काय करते? वाढवते. तिला तरीही ऐकू येत नाही, आणि मागच्या रांगेत मात्र भिंती घुमतात. जवळच्याला सगळ्यात कमी कळतं, असा हा आवाज आहे.

म्हणून औषध देण्याआधी मला विचारू द्या. स्टेज केवढं असतं? लाकडी की फरशीचं? ड्रमरचा हात जड आहे का? (त्याचं बोलणं जड आहे, ते कळलं.) ती अँपपासून किती पावलांवर उभी राहते? हॉलमध्ये त्यांचा स्वतःचा साउंडवाला आहे का? तो असेल, तर गिटारचा आवाज एका तळहाताएवढ्या डबीतून वायरने थेट त्याच्या मिक्सरला देता येतो. मग सहाशे माणसांना ऐकवण्याचं काम हॉलच्या स्पीकरांचं. अँप फक्त वाजवणाऱ्यासाठी, खुर्चीवर ठेवायचा, जरा मागे कलता, चार पावलं लांब. त्याला शंभर वॉट पुष्कळ झाले. आपल्या वेळी हे नव्हतं. आपल्याला त्या एकाच पेटीने मैदान भरायचं असायचं.

तेव्हा आत्ता काही घेऊ नका. तिला गिटार घेऊन एकदा दुकानात पाठवा. मी ऐकतो आणि सांगतो.

रंगनाथरावांच्या वेळी यायला हवं होतं. आलो नाही. गर्दीत मला आताशा जमत नाही.

करीम


कोथरूड
२० नोव्हेंबर २०२४

करीमभाई,

तुमचं पत्र पंधरा तारखेला मिळालं. अँप चौदा तारखेला घेऊन झाला होता. उत्तराची वाट बघत बसणं माझ्या स्वभावात नाही, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको.

खराडीला एक संगणकवाला मुलगा परदेशी चालला होता, त्याने विकायला काढला होता. पाचशे वॉट, आठ स्पीकर. उभं कपाटच आहे, माझ्या खांद्याला लागतं. घ्यायचं तर एकदाच आणि पुरेसं, या मताची मी आहे. टेम्पोतून आणलं. सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावेना, तेव्हा चौघांनी जिन्याने चढवलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या देवधरांनी दार उघडून विचारलं, "फ्रिज का?" मी हो म्हटलं. नाहीतर पुढचा अर्धा तास गेला असता.

सतरा तारखेला बाणेरकडच्या एका कॅफेत कार्यक्रम होता. मी स्वतः गेले. स्टेज म्हणजे आपल्या जेवणाच्या टेबलाएवढा ओटा. कपाट भिंतीला लावलं, त्याच्यापुढे हातभर अंतरावर अपूर्वा, तिच्या उजवीकडे ड्रम. मागे सरायला वाव नाही की पुढे सरायला जागा नाही. पण आवाज असा आला की टेबलावरचे चमचे हलले. आनंदने त्याचा तोंडाळपणा सोडून "बास, हेच हवं होतं" असं म्हटलं. दीड तास वाजवलं. हिचा चेहरा मी महिन्याभरात प्रथमच उजळलेला पाहिला. तेव्हा जागेबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर असेलही, पण ताकदीने काम झालं.

आता फक्त त्याची बटणं कशी लावायची ते लिहा. चार बटणं आहेत आणि हिची मित्रमंडळी चार मतं देतात.

परवापासून डाव्या कानात शिट्टी वाजतेय म्हणते. मी म्हटलं, झोप पुरेशी घे. रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघितला की दुसरं काय होणार.

येत्या रविवारी पुन्हा कार्यक्रम आहे.

वासंती


नाना पेठ
२२ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

हे पत्र नबीलच्या हाती पाठवतो आहे. पोस्टाने रविवारच्या आत पोचलं नसतं. तो दारात उभा असेल. आधी वाचा, मग त्याला चहा द्या.

रविवारचा कार्यक्रम करू देऊ नका. बटणांचं राहू द्या. तिला कानाच्या डॉक्टरांकडे न्या. उद्या न्या. शिट्टी वाजते ती झोपेने जात नाही. गेली असं वाटतं, कारण आपल्याला तिची सवय होते.

मला माहीत आहे, कारण माझं तसंच झालं. हे मी कुणाला लिहिलेलं नाही, घरच्यांनाही बाहेर सांगू देत नाही. म्हणून सूनबाईंनी तुम्हाला कारण सांगितलं नाही. मिसबा चांगली मुलगी आहे, सासऱ्याची लाज सांभाळते. मी फोनवर येत नाही, कारण मला फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही. डावा कान गेला, उजवा जाण्याच्या रस्त्यावर आहे.

सुरुवात १९८८ ला झाली. कार्यक्रमानंतर दोन दिवस शिट्टी, मग बंद. मग चार दिवस. आपला अँप मागे टेबलावर असायचा, माझ्या डाव्या खांद्याशी. मधे हातभर जागा. दुसऱ्या बाजूला ड्रम. अकरा गणेशोत्सव, गॅदरिंगं, कारखान्यांचे वार्षिक समारंभ. मला मजा येत होती, तेही सांगतो. पाठीला तो आवाज लागला की माणूस स्वतःला दोन माणसांएवढा समजतो. तुमच्या नातीचा चेहरा उजळला म्हणता, तो मला न बघता दिसतो.

आणि हे नीट वाचा. हे चकवून जातं. आवाज सगळा जात नाही. आधी वरचा जातो. स, श, त ही अक्षरं जातात. पक्षी जातात, कुकरची शिट्टी जाते, बायकांचं आणि मुलांचं बोलणं जातं. खर्ज शेवटपर्यंत राहतो. आजही गिटारची जाडी तार मला स्वच्छ ऐकू येते. म्हणून वाजवणाऱ्याला वाटतं, आपले कान उत्तम आहेत. हात चुकत नाही, सूर चुकत नाही. आणि बायको जेवायला हाक मारते ती पोचत नाही.

जरीना शेवटी शेवटी माझ्यासमोर येऊन बसायची आणि मग बोलायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली. मुक्याने बोलल्यासारखे तिचे ओठ आठवतात, आवाज नाही आठवत.

मुलीला हे माझं नाव घेऊन सांगा, चालेल.

करीम


कोथरूड
९ डिसेंबर २०२४

करीमभाई,

नबीलला चहा दिला.

तेवीस तारखेला डॉक्टरांकडे गेलो. अपूर्वाला बंद काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं, आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. ती बटण दाबत नव्हती आणि मला वाटत होतं अजून आवाज सुरूच केला नसेल. कागदावर आलेख आला. उजवा कान सरळ रेघ. डाव्याची रेघ वरच्या पट्टीत गेल्यावर खड्ड्यात पडते आणि पुन्हा वर येते. आपण लवकर आलात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी विचारलं, भरून येईल का? त्या म्हणाल्या, "आजी, काही थोडं येईल कदाचित, पण गेलं ते गेलं म्हणूनच चाला." पाच आठवडे स्टेज बंद. पुढे वाजवायचंच तर कानात बोळे घालून, आणि आवाजापासून लांब.

रविवारचा कार्यक्रम मी रद्द करायला लावला. अपूर्वा रिक्षात बसल्यावर एकच वाक्य बोलली. "आजी, करीमकाकांचं पत्र येईपर्यंत थांबली असतीस तर." त्यानंतर आठ दिवस माझ्याशी कामापुरतं. मी तिला दोष देत नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते. तुमचं पत्र मी पंधरा दिवस रोज काढून वाचते आहे.

सप्टेंबर १९९२. नारायण पेठेतल्या मंडळाचा कार्यक्रम. साडेसातला आरती ठरलेली, आणि तोवर गाणं थांबवायचं, असं आधी बजावलेलं. मी डाव्या विंगेत उभी होते. ताट तयार, अध्यक्ष उभे, आणि तुम्ही वाजवताय. तुम्ही थांबत नाही म्हणून ड्रम थांबेना. मी हाक मारली. तीनदा मारली, तिसऱ्यांदा तर मांडवातल्या पहिल्या रांगेने वळून पाहिलं. तुम्ही मान वर केली नाहीत. आरती दहा मिनिटं खोळंबली. मंडळातल्या एकाने तुमच्या नावावरून नको ते शब्द उच्चारले. मी त्याला जागीच गप्प केलं. आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला चार ओळींचं पत्र पाठवून काढलं, म्हणजे त्याचंच म्हणणं गावासमोर खरं केलं.

हे रागाच्या भरात केलं नव्हतं. विचार करून केलं होतं. माझा विचार असा होता: त्या दिवशी तुमचा एक सूरसुद्धा चुकला नव्हता. ज्याला गाण्यातलं इतकं बारीक ऐकू येतं, त्याला माझी हाक ऐकू येत नाही, असं कसं होईल? तेव्हा हा मुद्दाम. रंगनाथराव म्हणत होते, जाऊन विचारतो. मीच म्हटलं, विचारायचं काय त्यात, उघड आहे.

आणि ते टेबल. अँप आधी पुढे असायचा, तुमच्यापासून चांगला लांब. काळी पेटी पुढे वाईट दिसते म्हणून ती मागे टेबलावर न्यायला मी सांगितलं. वरून चादर घातली आणि तिच्यावर फुलांची परडी ठेवली. तुम्ही पत्रात नुसतं "टेबलावर असायचा" असं लिहिलंत. कोणी ठेवला ते लिहिलं नाहीत.

मला हो की नाही, एवढंच उत्तर हवं आहे. त्या संध्याकाळी माझी हाक तुम्हाला ऐकू आली नव्हती का?

वासंती


नाना पेठ
१६ डिसेंबर २०२४

वहिनी,

नाही. ऐकू आली नव्हती. तुमचा आवाज बारीक, त्यात डावी बाजू. मी ड्रमरचे हात बघून वाजवत होतो, तो माझा आवाज ऐकून वाजवत होता. एकमेकांच्या भरवशावर दोघे चाललो होतो. मांडव वळला तेव्हा मला वाटलं, वाजवणं आवडलं.

पण एकतर्फी हिशोब मांडू नका, तो तुम्हाला शोभत नाही. मी दुसऱ्या दिवशी येऊन सांगू शकलो असतो. नाही आलो. बेसवाला बहिरा आहे, हे एकदा पुण्यात पसरलं असतं तर मला कुणी उभं केलं नसतं. भांडून बाहेर पडला, यात इज्जत होती. तुमचं पत्र मी चार ठिकाणी दाखवलं आणि काम मिळवलं. मग तो डिसेंबर आला, दोन-चार महिने कुणालाच काम नव्हतं. त्यानंतर आणखी चार वर्षं वाजवलं, आधीपेक्षा मोठ्या अँपवर. उजवा कान मी स्वतः घालवला, तो तुमच्या नावावर लिहू नका.

तुम्ही त्या दिवशी विचारलं असतंत तरी मी खोटंच सांगितलं असतं. एवढं मला माझ्याबद्दल माहीत आहे. पण विचारलं असतंत तर बरं वाटलं असतं, हेही आता म्हातारपणी कबूल करतो.

आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगावी की नाही, यावर दोन दिवस घालवले. तुम्ही सरळ लिहिलंत म्हणून सांगतो. रंगनाथरावांना माहीत होतं. त्याच वर्षी दिवाळीनंतर ते दुकानात आले, रेडिओ दुरुस्तीला घेऊन. रेडिओला काही झालेलं नव्हतं. मी पाठमोरा होतो, ते मागून दोन-तीनदा बोलले असणार. मी वळलो तेव्हा त्यांचा चेहरा बघून कळलं, यांना कळलं. मी शपथ घातली, वहिनींना सांगायचं नाही. ते म्हणाले, "सांगत नाही. तिला कळलं तर ती तुला शिस्तीने बरं करायला निघेल." आम्ही हसलो. मग दर महिना-दोन महिन्यांनी यायचे, चहा प्यायचे, माझ्या उजव्या बाजूला बसायचे. शेवटपर्यंत.

त्यांच्यावर रागावू नका. रागवायला ते आता नाहीतही.

अपूर्वाला पाठवा. पाच आठवडे वाजवायचं नाही, पण कुठे उभं राहायचं ते शिकायला आवाज लागत नाही. आणि अकरा जानेवारीचं अजून रद्द करू नका.

करीम


कोथरूड
१४ जानेवारी २०२५

करीमभाई,

शनिवारचं सगळं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, पण चार वाजता रंगीत तालीम संपल्यावर निघून गेलात, म्हणून पुढचं लिहिते.

तुम्ही लावून दिलं होतं तसंच शेवटपर्यंत राहिलं. छोटा अँप दोन खुर्च्यांवर, अपूर्वाच्या उजव्या हाताला, चार पावलं लांब. ती डबी, तिची वायर मिक्सरला. आनंदने तालमीत "काका, एवढ्याशा डब्याने काय होणार?" म्हणून विचारलं होतं, आणि तुम्ही त्याचं तोंड बघून त्याला म्हणालात, "बेटा, तू जरा हळू वाजव, मग बघ." तो हळू वाजवणाऱ्यातला नाही. तरी वाजवलं. तुम्ही एकेक रांग फिरत, खुर्चीच्या पाठीवर तळवा ठेवून आवाज कुठे दाटतो ते बघत होतात, तेव्हा ती चारही मुलं गप्प उभी होती. मी त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं.

हॉल भरला होता. मी शेवटून तिसऱ्या रांगेत बसले. मला एकेक सूर कळला, आणि काही घुमलं नाही. अपूर्वाने पूर्ण वेळ कानात बोळे ठेवले. तिला बँडमधून काढणार नाहीत. आनंदने तसं माझ्याकडे येऊन सांगितलं, माझ्या पायाही पडला. मी त्याला म्हटलं, पाया पडू नकोस, जिभेला आवर घाल.

काल डाव्या कानाची पुन्हा तपासणी झाली. खड्डा तिथेच आहे. खोल झालेला नाही, भरलेलाही नाही. उजव्या कुशीवर झोपली की तिला मोबाइलचा गजर ऐकू येत नाही. सकाळी मी उठवते. एकवीस वर्षांची आहे.

ते कपाट दिवाणखान्यात उभं आहे. विकायचं नाही, असं ठरवलं. विकलं तर कुठल्या तरी ओट्यावर, कुणाच्या तरी मागे हातभर अंतरावर जाऊन उभं राहील. नबीलला म्हणावं, येऊन खोलून ने, सुटे भाग दुकानात वापर.

रंगनाथरावांचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी प्रथम रागावले. चोवीस वर्षं एका घरात राहून त्यांनी मला कळू दिलं नाही. मग विचार केला, त्यांनी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? तुमच्याकडे आले असते का? मी प्रामाणिकपणे उत्तर शोधलं. आले नसते. मी म्हटलं असतं, मग तेव्हाच सांगायचं होतं. हे त्यांना माहीत होतं. आपल्या बायकोला त्यांनी बरोबर ओळखलं होतं, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

आता शेवटचं. शनिवारी तालमीच्या वेळी तुम्ही चौथ्या रांगेत बसला होतात. मी पाचव्या रांगेत, तुमच्या मागे येऊन बसले. मुलं वायरी ओढत होती, आपल्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी म्हणाले, "करीमभाई, चुकलं माझं." चांगलं मोठ्याने म्हणाले. तुम्ही स्टेजकडे बघत राहिलात. मग उठलात, मला पाहिलंत, हसून नमस्कार केलात आणि नबीलबरोबर गेलात.

घरी येताना मला बरं वाटत होतं. एकदाचं बोलून टाकलं, असं. कर्वे रस्त्यावर सिग्नलला बस थांबली आणि तेव्हा लक्षात आलं की मी नेमकी ती जागा का निवडली. समोरच्या रांगेत जागा होती. वळून बसता आलं असतं. तुमच्याजवळ वही होती, सगळे तिच्यात लिहून तुमच्याशी बोलत होते, मीही लिहू शकले असते. तुम्हाला ऐकू जाणार नाही याची खात्री होती, म्हणूनच मी बोलले. सत्तराव्या वर्षी मला माझ्यातलं हे कळलं.

तेव्हा कागदावर लिहिते. अँप मागे नेला ती चूक माझी. न विचारता काढलं ती चूक माझी. त्या माणसाचे शब्द खरे ठरवले, ती सगळ्यात मोठी. आणि हे सगळं करूनही पुन्हा तेच, तुमचं पत्र यायच्या आत, नातीच्या कानाशी केलं. मला क्षमा करा असं लिहीत नाही, ते तुमच्यावर ओझं होईल. चुकलं माझं, एवढंच लिहिते.

नबील परवा कपाट न्यायला येईल तेव्हा हे पत्र त्याच्या हाती देणार होते. पण तोपर्यंत दोन दिवस हातात राहिले असते, आणि मी स्वतःला ओळखते. समोरच्या पेटीतलं टपाल अकराला काढतात. पावणेअकरा झाले आहेत. चपला घालून निघाले आहे.

वासंती